कोणती मर, कोणती खूण

यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते. पावसाळ्याने काळ्या जमिनीत जी ओल मागे ठेवली असेल, तिच्यावरच हे पीक उभं राहतं. विहिरीला पाणी असेल तर एखाद-दुसरं ओलित मिळतं, नाहीतर तेही नाही. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे असो की वणी, मारेगावकडे, कापूस आणि सोयाबीनने हात आखडता घेतला त्या वर्षी घरात चार पैसे आणायचं काम हरभऱ्याकडे येतं. म्हणून पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी तासातलं एखादं झाड मान टाकतं, तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आज एक झाड, चार दिवसांनी त्याच्या शेजारची पाच, आणि फुलोऱ्यापर्यंत शेताच्या मधोमध वाळलेला पट्टा. ‘मर लागली’ एवढंच मग गावात ऐकू येतं.

मर लागली हे खरं, पण कोणती? या प्रकरणाचा सगळा भार या प्रश्नावर आहे. पुढे डीएनए, गुणसूत्रं आणि रेणवीय खुणा यांबद्दल जे सांगायचं आहे, ते या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर निरुपयोगी ठरतं.

मेलेलं झाड मुळासकट उपटून पाहावं. पेरणीनंतर महिन्याभराच्या आतली रोपं, जमिनीलगत खोड कुजलेलं आणि त्यावर पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या दिसल्या, तर ती मानकूज. सोयाबीनचं काड नीट कुजलेलं नसताना, जमिनीत ओल जास्त असताना पेरलं की ही हमखास येते. फेब्रुवारीत ऊन चढल्यावर, घाटे भरत असताना झाड एकाएकी गवताच्या रंगाचं झालं, उपटायला गेलं तर सोटमूळ काडीसारखं कटकन तुटून निम्मं जमिनीतच राहिलं, बाजूची बारीक मुळं गायब, तर ती कोरडी मूळकूज. आणि मुळं बाहेरून धडधाकट दिसतात, कुठे कुज नाही, पण खोडाच्या बुंध्याशी चाकूने उभी चीर दिली की आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसते, ती खरी मर. झाडाला पाणी पोचवणाऱ्या नळ्यांमध्ये बुरशी शिरून त्या तुंबलेल्या असतात. शेतात ओल असूनही झाड तहानेने मरतं ते यामुळे.

या तिसऱ्या रोगाच्या बुरशीचं नाव फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम, आणि हरभऱ्यावरच रोग घडवणारा तिचा प्रकार सिसेरिस. ती चिवट आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत एम. पी. हावरे, य. ल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की शेतात हरभऱ्याचं एक झाड नसलं तरी ही बुरशी जमिनीत सहा वर्षं तग धरते. त्यांनीच १९८२ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली, ती यवतमाळसाठी फार महत्त्वाची आहे: तूर, मसूर आणि वाटाणा यांच्या मुळांत ही बुरशी राहू शकते, पण त्या पिकांवर रोगाची एकही खूण दिसत नाही. म्हणजे हरभऱ्याला विश्रांती देऊन त्या रानात तूर घेतली, तर बुरशीला उपाशी ठेवल्याचं समाधान खोटं ठरू शकतं. शिवाय ती बियाण्यातूनही जाते. दाण्याच्या नाकाजवळच्या भागात तिचे जाड कवचाचे बीजाणू दडून बसतात. बीजप्रक्रियेचा आग्रह त्यासाठीच असतो.

नुकसान किती होतं हे झाड कधी मरतं यावर अवलंबून. हावरे आणि नेने यांच्या १९८०च्या मोजणीत लवकर मर लागलेल्या झाडांचं उत्पादन ७७ ते ९४ टक्के घटलं होतं, उशिरा लागलेल्यांचं २४ ते ६५ टक्के. उशिरा मरणाऱ्या झाडाचे दाणे हाती येतात, पण हलके आणि निस्तेज.

जमिनीत एवढ्या खोलवर, एवढी वर्षं राहणाऱ्या बुरशीला फवारणीने गाठता येत नाही. बीजप्रक्रिया, ट्रायकोडर्मा, पिकांची फेरपालट यांनी तिला आवर बसतो; पण आधार घ्यायचा तो मुळातच न मरणाऱ्या वाणाचा. असा वाण ओळखायची जुनी रीत सरळ आहे. एक शेत मुद्दाम रोगट करायचं. वर्षानुवर्षं मेलेली झाडं त्यातच गाडायची. दर काही ओळींनंतर जेजी ६२ हा हमखास मरणारा वाण लावायचा. जेजी ६२ सगळा मेला, म्हणजे त्या जागी बुरशी पुरेशी आहे याची खात्री पटली. त्याच्या शेजारी जे उभं राहिलं ते टिकाऊ. हरभऱ्याच्या पैदाशीत या रोगट शेतांनी जे काम केलं आहे त्याला तोड नाही, आणि आजही शेवटचा निकाल तिथेच लागतो.

पण या रीतीला वेळ लागतो. वर्षात एकच रब्बी, म्हणजे वर्षात एकच परीक्षा. एखाद्या कोपऱ्यात बुरशी कमी असली की कमकुवत झाडही वाचतं आणि पास होतं. ज्या झाडाची परीक्षा घेतली ते नापास झालं तर मेलं. त्याच्यात इतर काही चांगलं असलं तर तेही गेलं. आणि सर्वांत मोठी अडचण १९८२ सालीच पुढे आली. हावरे आणि नेने यांनी ठिकठिकाणची बुरशी आणून निरनिराळ्या वाणांवर सोडली, तेव्हा हैदराबादची बुरशी ज्याला मारते त्याला कानपूरची मारेलच असं नाही, असं दिसलं. त्यांनी चार उपप्रकार वेगळे केले: पहिला हैदराबादचा, दुसरा कानपूरचा, तिसरा गुरदासपूरचा, चौथा हिसारचा. हे ओळखण्यासाठी जे वाण कसोटीला लावले होते त्यांत महाराष्ट्राचा जुना ‘चाफा’ही होता. पुढे जगभरात मिळून आठ उपप्रकार नोंदले गेले. एका ठिकाणच्या रोगट शेतात तरलेला वाण दुसऱ्या जिल्ह्यात का मरतो, याचं एक कारण इथे सापडतं.

रेणवीय खुणांचं काम सुरू होतं ते इथून. रोगाशी लढायची ताकद झाडाला जनुकांतून मिळते, आणि जनुकं गुणसूत्रांवर ठरलेल्या जागी असतात. हरभऱ्याला गुणसूत्रांच्या आठ जोड्या आहेत. मर रोखणारं जनुक नेमकं कोणतं, ते आत काय करतं, हे ठाऊक नसलं तरी चालतं. त्याच्या अगदी शेजारी सहज दिसणारी एखादी खूण माहीत असली की पुरे. नव्या गावात ज्याच्या दारावर पाटी नाही अशा माणसाचं घर आपण शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून शोधतो, तसंच. टाकी म्हणजे घर नव्हे, पण ती दिसली की घर जवळ आहे हे कळतं. आईबापांकडून पिल्लाकडे गुणसूत्रं जाताना त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, म्हणून खूण आणि जनुक यांची फारकत होऊ शकते. दोन्ही जितकी जवळ, तितकी ती शक्यता कमी.

हरभऱ्यातल्या या खुणा शोधण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नव्वदच्या दशकात ‘विजय’ हा वाण दिला. कोरडवाहूत टिकणारा आणि मर सोसणारा म्हणून तो राज्यभर पसरला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर आणि विद्या गुप्ता यांच्या गटाने वनस्पतींच्या डीएनएवर काम उभं केलं होतं. या दोन संस्थांनी मिळून जेजी ६२ आणि विजय यांचा संकर हाताशी घेतला. एक हमखास मरणारा, दुसरा तगणारा. गंमत म्हणजे जेजी ६२ एका देठावर दोन घाटे धरतो, विजय एकच. त्यामुळे हा संकर दुसऱ्या गुणांच्या अभ्यासालाही उपयोगी पडला.

संकराच्या दुसऱ्या पिढीतलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. त्या प्रत्येकाचा एक दाणा पुढच्या वर्षी, त्याच्या झाडाचा पुन्हा एक दाणा, असं करत कित्येक पिढ्या नेल्या, की शेवटी प्रत्येक ओळ स्वतःपुरती स्थिर होते आणि तिचं बी कितीही वर्षं तसंच राहतं. अशा ओळींचा संच हाती आला म्हणजे एकाच ओळीवर आज बुरशीचा पहिला उपप्रकार सोडता येतो, उद्या दुसरा, परवा तिसरा. मेलेली आणि जगलेली ओळ यांच्या डीएनएत कोणत्या खुणा वेगळ्या आहेत ते मग जुळवायचं. २००९ मध्ये गौडा, राधिका, कडू, राहुरीचे म्हसे आणि विद्या गुप्ता यांनी या संचावरून तीन उपप्रकारांविरुद्धच्या तीन जनुकांचा पत्ता प्रसिद्ध केला. तिन्ही जनुकं एकाच गुणसूत्रगटावर निघाली. हरभऱ्याच्या नकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा गट. जगातल्या इतर प्रयोगशाळांनाही मर रोखणारी जनुकं याच गटावर दाटीने सापडली होती.

त्यांचे आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या उपप्रकाराला रोखणाऱ्या जनुकाच्या एका बाजूला एच३ए१२ ही खूण ३.९ सेंटिमॉर्गनवर होती, दुसऱ्या बाजूला टीए११० ही २.१ वर. सेंटिमॉर्गन हे अंतर मैलात किंवा मिलिमीटरमध्ये नसतं. एक सेंटिमॉर्गन म्हणजे शंभरात एकदा फारकत होण्याची शक्यता. एच३ए१२ एकटीवर विसंबलं तर शंभरात जवळपास चार वेळा फसगत होईल. पण दोन्ही बाजूंच्या खुणा एकत्र तपासल्या, तर फसण्यासाठी दोन्हीकडे एकाच वेळी तुटावं लागेल, आणि ती शक्यता हजारात एकाहूनही कमी. तिसऱ्या उपप्रकाराच्या जनुकाशेजारच्या खुणा तर ०.२ आणि ०.७ सेंटिमॉर्गन इतक्या जवळ निघाल्या. पैदासकाराला दोन खुणांमध्ये जनुक पकडायचं असतं ते यासाठी.

प्रयोगशाळेत हे घडतं कसं? पंधरा-वीस दिवसांच्या रोपाचं कोवळं पान खुडतात. रोप शेतात वाढतच राहतं, त्याला काही होत नाही. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटलं की त्याची हिरवी पूड होते. रसायनांनी तिच्यातली प्रथिनं आणि बाकीचा गाळ बाजूला काढला, अल्कोहोल घातलं, की नळीच्या तळाशी पांढुरका धागा उतरतो. तो डीएनए. खुणेची जागा म्हणजे डीएनएतला असा तुकडा, जिथे दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तगणाऱ्या आणि मरणाऱ्या वाणात त्यांच्या आवर्तनांची संख्या वेगळी, म्हणून तुकड्याची लांबी वेगळी. पीसीआर यंत्रात, ज्याची ओळख कोविडच्या काळात सगळ्यांना झाली, तेवढाच तुकडा कोट्यवधी प्रतींत वाढवतात आणि जेलच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहावर पळवतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. अतिनील प्रकाशात पाहिलं की ओळीने पट्टे चमकतात. एक पट्टा विजयच्या उंचीवर, एक जेजी ६२च्या. आणि एखाद्या रोपाच्या रकान्यात दोन्ही पट्टे दिसले, तर त्याने आईचंही घेतलं आहे आणि बापाचंही.

दोन पट्ट्यांचं हे दिसणं किरकोळ नाही. मर रोखणारी बरीच जनुकं दबकी आहेत. आई आणि बाप दोघांकडून आली तरच ती गुण दाखवतात. एकाकडून आली तर झाड रोगट शेतात सरळ मरतं, जरी त्याच्या पोटात हवं ते जनुक असलं तरी. समजा, लोकांना आवडणारा, दाणा चांगला असलेला, पण मरीला बळी पडणारा वाण आहे. त्याच्यात दुसऱ्या वाणातून मररोधक जनुक आणायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. त्यासाठी संकराची पिढी पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी जोडावी लागते. पहिल्या जोडणीनंतर मूळ वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५. खुणा नव्हत्या तेव्हा दबकं जनुक प्रत्येक जोडणीनंतर टिकलं आहे की हरवलं, हे पाहायला मध्ये एक पिढी स्वपरागणात घालवून, तिची बुरशीवर परीक्षा घ्यावी लागे. आता पंधरा दिवसांच्या रोपाच्या पानातच उत्तर मिळतं. फुलं यायच्या आधी नको ती रोपं उपटून टाकता येतात आणि त्याच हंगामात पुढची जोडणी होते.

आणि ही जोडणी हाताने करावी लागते. हरभऱ्याचं फूल बोटाच्या पेराहून लहान. ते उमलण्याआधीच आत परागण उरकतं. म्हणून कळी चिमट्याने अलगद उघडून आतले दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. बऱ्याच कळ्यांमागे एखादा घाटा धरतो, घाट्यात एक किंवा दोन दाणे. इतक्या कष्टाने मिळालेल्या दाण्यातून उगवलेलं रोप कामाचं आहे की नाही, हे वर्षभर थांबून कळणं आणि पंधरा दिवसांत कळणं यातला फरक ज्याने वाकून हे काम केलं आहे त्याला विचारावा.

या रीतीने काय निघालं? कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेत पुसा २५६ या वाणात दुसऱ्या उपप्रकाराविरुद्धची ताकद घालण्यात आली. ती आली कुठून, तर आपल्या विजयमधून, टीए११० आणि टीए३७ या खुणा पाहत. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कर्नाटकातला अण्णिगेरी हा वाण दक्षिणेत वर्षानुवर्षं लोकप्रिय होता, पण मर त्याला खाई. रायचूरचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी डब्ल्यूआर ३१५ या टिकाऊ वाणातलं जनुक खुणांच्या आधारे त्यात आणलं. २०१९ मध्ये पुढे आलेल्या या ‘सुपर अण्णिगेरी १’चं उत्पादन जुन्या अण्णिगेरीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त भरलं. सात टक्के ऐकायला थोडं वाटतं. पण तो आकडा सरासरीचा आहे; मर जोरात आली त्या वर्षी प्रतिकारक वाणाचं मोल याहून कितीतरी मोठं असतं.

यवतमाळमध्ये या विषयावर बोलताना एक प्रश्न हटकून येतो: हे बीटीसारखंच का? नाही. २००२ पासून आपल्याकडे असलेल्या बीटी कपाशीत जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. इथे हरभऱ्याचंच जनुक, हरभऱ्याच्याच फुलातून, परागकणांवाटे हरभऱ्यात जातं. प्रयोगशाळा फक्त पाहते. त्यामुळे असा वाण नेहमीच्या वाणासारखाच प्रसारित होतो, आणि हरभरा स्वतःच स्वतःचं परागण करत असल्याने शेतकऱ्याला त्याचं बी घरी राखता येतं. मळणी यंत्रात दुसऱ्या वाणाची भेसळ होऊ दिली नाही, तर प्रतिकार पुढच्या वर्षीही तेवढाच राहतो.

आता मर्यादा. जेजी ६२ आणि विजय यांच्यात जी खूण वेगळी दिसते, ती दुसऱ्या दोन वाणांत सारख्याच लांबीची असू शकते. मग ती तिथे काही सांगत नाही. म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा जाकी ९२१८ असो की पीडीकेव्ही कांचन, विदर्भात चालणाऱ्या वाणांवर प्रत्येक खूण आधी पारखून घ्यावी लागते. पट्टा दिसला म्हणून वाण प्रतिकारक, असं लिहून टाकणं घाईचं ठरतं. खुणेचा निकाल आणि रोगट शेताचा निकाल जुळले तरच ती खूण त्या वाणांसाठी खरी.

दुसरी मर्यादा शेतकऱ्याला जास्त बोचते. या सगळ्या खुणा फ्युजॅरियमच्या मरीच्या आहेत. कोरड्या मूळकुजीची बुरशी पूर्णपणे वेगळी. ती एका पिकावर थांबत नाही, आणि तिच्याविरुद्ध मरीइतका ठाम प्रतिकार हरभऱ्यात सापडलेला नाही. तापमान तीस अंशांवर चढलं आणि जमिनीतली ओल संपली की ती उसळते. ओलीवर येणाऱ्या यवतमाळच्या हरभऱ्याला फुलोऱ्यानंतर नेमकी हीच परिस्थिती मिळते. मररोधक म्हणून आणलेलं बियाणं फेब्रुवारीत वाळलं, की शेतकरी म्हणतो आपल्याला फसवलं. कधी बियाणं खरंच भेसळीचं असतं. पण पुष्कळदा वाण मरीला टिकलेला असतो आणि झाड मूळकुजीने गेलेलं असतं. कोणत्या रोगाला प्रतिकारक, आणि कोणत्या उपप्रकाराला, हे पिशवीवर आणि कृषी मेळाव्यातल्या भाषणात स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. ‘रोगप्रतिकारक’ हा मोघम शब्द शेतकऱ्याच्या विश्वासाचं फार नुकसान करतो.

विज्ञान या मधल्या काळात थांबलेलं नाही. २०१३ मध्ये राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटाने काबुली हरभऱ्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. सुमारे ७४ कोटी अक्षरं आणि २८,२६९ जनुकं. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने देशी हरभऱ्याचा मसुदा दिला. २०२१ मध्ये तर ३,३६६ हरभऱ्यांचे जनुकसंच वाचून झाले, त्यांत १९५ रानटी. आता आवर्तनांच्या खुणांऐवजी एकेका अक्षराचा फरक खूण म्हणून वापरतात, आणि जेलशिवाय एका दिवसात शेकडो रोपं तपासता येतात. मूळकुजीला थोडंफार तोंड देणारे वाण शोधायचे तर त्या रानटी आणि जुन्या संग्रहातच शोधावे लागतील.

यवतमाळला या कामासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी हाताशी आहेत. जिल्ह्याच्या मातीतून वर आलेल्या मुख्यमंत्र्यांच्या नावाचं वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय यवतमाळ शहरात आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याच्या विद्यापीठाचं विभागीय संशोधन केंद्र आहे. वाणांच्या डीएनएइतकंच बुरशीच्या डीएनएकडेही पाहायला हवं, कारण बुरशीचे उपप्रकारही आता याच पद्धतीने ओळखता येतात. त्यासाठी सोळाही तालुक्यांतून मेलेली झाडं गोळा व्हावी लागतील: वर्धेच्या काठच्या राळेगावातून, पैनगंगेच्या काठच्या उमरखेडमधून, आणि एकट्या हरभऱ्याच्या रानांइतकीच तूर-हरभरा फेरपालटीच्या रानांतूनही. नमुना पाठवताना झाड ओढून काढू नये, कुदळीने मुळासकट खणून काढावं, नाहीतर मूळकुजीचा पुरावा जमिनीतच राहतो. माती झटकून ते कागदात गुंडाळावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, तिथे दुसऱ्याच बुरशा माजतात. सोबतच्या चिठ्ठीवर वाण कोणता, पेरणी केव्हाची, झाड किती दिवसांनी मेलं आणि त्या रानात आधीची तीन वर्षं काय होतं, एवढं लिहिलेलं असावं.